कानाचं मशीन शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेलं, वाचेल का? आणि त्यातला सेल कुठे गेला असेल?

नमस्कार, जरा घाईतच लिहितेय. परवा सकाळी माझ्या सासऱ्यांचं उजव्या कानाचं मशीन त्यांच्या शर्टाच्या खिशात राहिलं आणि तसंच धुवून निघालं. अर्धवट नाही, पूर्ण प्रोग्रॅम, ४० डिग्रीला तासभर आणि शेवटी १००० चा स्पिन. पँटचे खिसे मी न चुकता उलटे करून बघते, पण शर्टाचा वरचा खिसा चपटा दिसला म्हणून नुसता वरून हात फिरवला. मधे टक टक आवाज येत होता तो मला बटणाचा वाटला. तेव्हाच थांबवायला हवं होतं, दोन दिवस तेच डोक्यात आहे.

झालं असं की फोन कानाला लावला की ते मशीन शिट्टी मारतं, म्हणून बाबा फोनवर बोलताना उजवं काढून खिशात टाकतात आणि बंद करायचं म्हणून सेलचं छोटं दार उघडून ठेवतात. आदल्या रात्री फोन आला, बोलून झाल्यावर ते तसेच झोपले, डावं डबीत गेलं आणि उजवं खिशातच राहिलं. सकाळी कपडे काढताना वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबराच्या घडीत, खाली जिथे पाणी साचतं ना, तिथे ते अडकलेलं दिसलं. मोल्ड (कानात बसणारा भाग) आणि त्याची ट्यूब जागेवर, सेलचं दार सताड उघडं आणि आत सेल नाही.

आत्तापर्यंत मी काय केलं ते सांगते. सुती कापडाने पुसलं, मोल्ड ट्यूबसकट काढून वेगळा केला, ट्यूबमधे पाण्याचा थेंब दिसत होता तो रबरी ब्लोअरने फुंकून काढला, आणि दोन्ही भाग सिलिका जेलबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले. सेलचं दार उघडंच ठेवलंय. हेअर ड्रायर वापरला नाही कारण उष्णतेने आतला माइक आणि प्लॅस्टिक बिघडतं. तांदळात ठेव असं तिघांनी सांगितलं पण ते मुद्दाम टाळलं, तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची बारीक पूड माइकच्या भोकात जाऊन बसते. बरणीतले निळे दाणे काल दुपारपर्यंत बरेचसे गुलाबी झाले होते, म्हणजे आतून पाणी निघतंय, म्हणून नवीन दाणे घातले.

माझी आशा एकाच गोष्टीवर आहे, धुताना आत सेल नव्हता किंवा लवकरच पडला असावा. पाणी आणि करंट एकत्र आले की आतले धातूचे भाग झपाट्याने गंजतात, नुसतं पाणी असेल तर वाळल्यावर वाचण्याची शक्यता बरीच जास्त. पण हे साधं पाणी नव्हतं ना. पावडरमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते अगदी बारीक फटीतही शिरतं, वर वाळल्यावर साबणाचा थर मागे राहतो तो वेगळाच. कानाचं मशीन आयपी ६८ (धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग) आहे, पण ते टेस्टिंग स्वच्छ स्थिर पाण्यात होतं, ड्रममधे आपटत तासभर फिरण्याचं नाही, आणि इथे तर दारच उघडं होतं. असं मशीन धुतलं गेल्यावर कोणाचं नीट चालू झालंय का? आणि ४८ तास झालेत तर घरी नवीन सेल घालून बघू की तसंच ऑडिऑलॉजिस्टकडे (कानाच्या मशीनच्या तज्ज्ञाकडे) नेऊ? त्यांच्याकडे व्हॅक्यूमने वाळवायची सोय असते असं ऐकलंय. घाईने चालू करून उरलंसुरलंही घालवायचं नाहीये.

दुसरा प्रश्न सेलचा, आणि खरं तर याचीच मला जास्त भीती वाटतेय. १३ नंबरचा आहे, केशरी स्टिकरवाला, जेमतेम ८ मिमी. घरात माझी दोन वर्षांची मुलगी आहे, सापडेल ते तोंडात घालते, नाकातही घालून बघते. बटण सेल अन्ननलिकेत किंवा नाकात अडकला तर काही तासांत आतून भाजतं. त्यामुळे तो सापडेपर्यंत मला चैन नाही. सगळे कपडे एकेक करून झटकले, बाह्या उलट्या केल्या, मोजेसुद्धा. फ्रंट लोड मशीन आहे, खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून छोट्या नळीने पाणी पसरट ट्रेमधे काढलं आणि फिल्टर उलटा फिरवून बाहेर काढला. त्यात एक हेअरपिन, दोन बटणं आणि लिंटचा ओला गोळा निघाला, सेल नाही. टॉर्च लावून आतला पंपाचा पंखा बोटाने फिरवून बघितला, तो मोकळा फिरतोय. रबराच्या सगळ्या घड्याही चाचपून झाल्या.

मग तो ड्रम आणि बाहेरच्या टबच्या मधे, हीटरपाशी पडला असेल का? तिथून पुढच्या धुण्यात आपोआप पंपाकडे येतो, की टेक्निशियनला बोलवून हीटर काढूनच बघावं लागतं? तोपर्यंत वॉशिंग मशीन चालवायचं की नाही? सध्या बंद ठेवलंय, मुलीला त्या खोलीत सोडत नाहीये.

आणि शर्टाच्या कॉलरला लावायची क्लिपवाली दोरी मिळते, दोन्ही मशीन तिला अडकवलेली राहतात, ती कोणी वापरता का? उन्हाळ्यात घामाने टोचते का, मानेला अडकते का, रोज लावायला वयस्कर माणसाला जमते का, एवढंच सांगा. बाबांना बोटांनी बारीक काम करायला त्रास होतो. ते मला काहीच बोलले नाहीत, उलट "जाऊ दे गं, माझ्याच खिशात होतं" म्हणाले. पण दोन दिवस मुलगी उजवीकडून हाक मारते आणि ते वळत नाहीत, मग ती त्यांचा हात ओढते. मी तिला डाव्या बाजूला नेऊन उभी करते.

ऑडिऑलॉजिस्टची अपॉइंटमेंट शुक्रवारची मिळालीये. तोपर्यंत बरणीतच राहू दे ना? की मधे काही करायला हवं?