हेवी लायसन्स मिळालं, पण पहिली नोकरी कशी मिळवायची?

प्रश्न: भावाचं हेवीचं लायसन्स नुकतंच आलंय, पण जाईल तिथे अनुभव मागतात. कोणी गाडीच हातात देत नाही तर अनुभव येणार कुठून?

उत्तर १: मालकांचाही नाइलाज असतो, नवख्या ड्रायव्हरच्या हातात गाडी द्यायला ते कचरतात. मोठ्या कंपन्यांच्या मागे न लागता छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांना समक्ष भेटायला सांगा, सीझनला त्यांना माणसं कमी पडतात.

उत्तर २: ट्रायलला खरं तर रिव्हर्स बघतात हो. ट्रेलरचं बूड डावीकडे न्यायचं तर स्टेअरिंग आधी उजवीकडे, हे हातात बसेपर्यंत सराव हवाच. आणि गाडीत चढायच्या आधी टायर, नट, लाइट बघावेत, ब्रेकचं एअर प्रेशर पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलवू नये, जाणता मालक एवढ्यावरूनच माणूस ओळखतो.

प्रश्नकर्ता: यार्डात ट्रेलर हलवायचं काम मिळतंय, पगार कमी आहे. घेऊ दे का?

उत्तर २: डोळे झाकून घेऊ दे! दिवसभर रिव्हर्सच मारायचा असतो, याच्यापेक्षा चांगली शाळा नाही. फक्त काम लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.