मदत हवी आहे: मे महिन्यात ६७ वर्षांच्या बाबांना कॅमलबॅक डोंगरावर (फिनिक्स, अमेरिका) न्यावं का?

आई-बाबा मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून आमच्याकडे फिनिक्सजवळच्या चँडलरला येतायत. बाबा ६७ वर्षांचे, दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड करणारे. गुडघे ठणठणीत, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. बॅगा भरायच्या आधीच त्यांनी कॅमलबॅक पक्का केलाय. माथा ८२४ मीटर, चढ जेमतेम ३९० मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षा कमीच, असं त्यांचं गणित. गणित बरोबर आहे, म्हणूनच वाद घालता येत नाही.

मला काळजी चढाची नाही, कोरड्या हवेची आहे. सिंहगडावर शर्ट भिजला की माणूस आपोआप टेकतो, ताक मागवतो. इथे घाम येतो आणि आल्याआल्या वाळतो. अंग कोरडंच, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. वाटेत टपरी नाही, सावली जवळपास नाहीच. मेमध्ये दुपारचा पारा सरासरी ३५ अंशांच्या आसपास असतो, चाळिशी ओलांडणारे दिवसही येतात.

मी स्वतः फक्त एको कॅनियनच्या वाटेने गेलोय. अंतर एका बाजूने २ किलोमीटरच्या आत-बाहेर, पण मध्ये कठडा धरून खडक चढायचा आणि पुढे मोठमोठे धोंडे. दुसरी चोया ट्रेल साधारण २.४ किलोमीटर, सुरुवातीला सोपी म्हणतात. तिचा शेवटचा टप्पा उतरताना कसा आहे? आणि काठी न्यावी का? बाबा काठीशिवाय निघत नाहीत.

प्रतिसाद १
चोयाचा शेवट सोपा समजू नका. माथ्याजवळ हातपाय टेकत चढावं लागतं, बाजूला उतार मोकळा आहे. दोन्हींत मी एकोच म्हणेन. काठी घडीची असेल तर न्या, कठड्यापाशी सॅकला अडकवायची, तिथे दोन्ही हात लागतात. खरी परीक्षा उतरताना. खडक पावलांनी गुळगुळीत झालाय आणि त्यावर बारीक खडी असते. निम्मं पाणी संपायच्या आत मागे फिरायचं, माथा दिसत असला तरी. हे बाबांना घरूनच कबूल करून घ्या, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रतिसाद २
सिंहगडासारखं अंधारात निघता येणार नाही, एको कॅनियनचं आवार सूर्योदयाला उघडतं. मेमध्ये ते साडेपाचच्या सुमारास. हवामान खात्याने तीव्र उष्णतेचा इशारा दिला, की कॅमलबॅक आणि फिनिक्समधलाच दुसरा डोंगर पिएस्टेवा, दोन्हींच्या वाटा सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद करतात. आदल्या रात्री शहराच्या संकेतस्थळावर बघा. गोळीचं डॉक्टरांना विचाराच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, ते इथल्या उन्हात महागात पडतं.
माझं मत विचाराल तर आधी पिएस्टेवा करा. ७९५ मीटरचा माथा, चढ जवळपास तेवढाच, पण वाट बरीचशी दगडी पायऱ्यांची. इराक युद्धात २००३ साली मारल्या गेलेल्या होपी जमातीच्या सैनिक लोरी पिएस्टेवा यांचं नाव त्याला दिलंय. तिथे बाबा कसे चालतात त्यावरून पुढचं ठरवा. आणि हो, सॅकमध्ये जुना कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा तुकडा पायाला चिकटला तर बोटांनी ओढायचा नाही, कंगव्याने उडवायचा.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. 'आधी पिएस्टेवा' हे बाबांना फोनवर सांगितलं. "दोन्ही करू" असं उत्तर आलं, म्हणजे निम्मं काम झालं. गोळीचं ते डॉक्टरांना विचारतायत. आईला चढायचं नाहीच, तिला संध्याकाळी साउथ माउंटनच्या डॉबिन्स लुकआउटला गाडीने नेईन, तिथूनही सगळं शहर दिसतं.
आता एवढंच सांगा, सुट्टी सोडून मधल्या वारी एकोला पार्किंग मिळायला किती लवकर पोचावं लागतं? मी गेलो होतो तो शनिवार होता आणि गाड्यांची रांग पार मॅकडोनाल्ड ड्राइव्हवर आली होती.