खटला 'अनसील' होतो त्याला मराठीत काय म्हणायचं?

बोरूबहाद्दर: अमेरिकेतल्या फॉल्स क्लेम्स ॲक्टवरचा एक लेख मराठीत करतेय. सरकारला कोणी खोटी बिलं लावली तर आतल्या गोष्टी माहीत असलेला माणूस सरकारच्या वतीने दावा ठोकू शकतो, पण गुपचूप. निदान ६० दिवस सगळं सीलखाली, प्रतिवादीलाही पत्ता नाही, तेवढ्यात सरकारने ठरवायचं की आपण यात पडायचं का, आणि मुदतवाढी घेत घेत वर्षंही जातात. सरकार नाही म्हणालं की दावा अनसील. मी लिहिलं, "सरकारने हस्तक्षेपास नकार दिल्यावर खटल्याची मोहोर फोडण्यात आली." संपादक म्हणतात, बाई हा खटला आहे की खलिता?

ओसरीवरचा: 'सील काढलं' लिहा की सरळ.

बोरूबहाद्दर: ते आधी लिहिलेलं. मावशीने वाचून विचारलं, पालिकेने कोर्टाला टाळं लावलेलं का?

हडसनकाठी: सील राहू दे, खरा घोळ 'हस्तक्षेप'मध्ये आहे. हस्तक्षेप म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं, इथे तर बुडालेला पैसा सरकारचाच! 'सरकार दाव्यात सामील झालं नाही' म्हणा. आणि प्लीज 'हात झटकले' नको, कारण सरकार बाहेर राहिलं तरी वसुलीचा मोठा भाग त्यालाच मिळतो, दावा लावणाऱ्याला २५ ते ३० टक्के. सामील झालं असतं तर १५ ते २५.

तिरकस: मोहोर फारसी, सील इंग्रजी, शुद्ध मराठीचा आव कशाला? 'दावा खुला झाला.' संपलं.

ओसरीवरचा: खुला तर भूखंड पण असतो. पण 'फोडली' मात्र नकोच. आपल्याकडे पेपर फुटतो, बातमी फुटते, म्हणजे चोरून बाहेर आली. इथे कोर्टाने रीतसर उघडलंय.

हडसनकाठी: हे पटलं. फुटण्याचं पण उदाहरण आहे, स्टेट फार्म या विमा कंपनीवरचा रिग्सबी बहिणींचा दावा, कतरिना वादळाच्या विम्यावरून. सरकार सामील नव्हतं. सील असतानाच वकिलाने पत्रकारांना सांगून टाकलं, तरी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं तेवढ्यावरून दावा काढून टाकायलाच हवा असं नाही. तिथे 'फुटला' चालेल.

तिरकस: आणि असा दावा लावणाऱ्या व्हिसलब्लोअरला जागल्या म्हणू नका हं. जागल्या गावाकडून ठरलेलं बलुतं घ्यायचा, हा टक्केवारी घेतो.

ओसरीवरचा: मग १८६३ मध्ये लिंकनच्या काळात कायदा केला तोच मुळी टक्केवारीचं आमिष दाखवून, त्यात काय वाईट? जागल्याच बरोबर. बाकी 'लखोटा उघडला' कसं वाटतं? लाखेने बंद करायचा तो लखोटा.

तिरकस: लाखेवरून कशावरून? आमची बेळगावची आजी साध्या पाकिटालापण लकोटेच म्हणायची, तो कानडी शब्द आहे.

ओसरीवरचा: कानडीत मराठीतून गेला नसेल कशावरून?

तिरकस: आलात मूळपदावर.

आंबेवाला: उशिरा आलो. 'मोहोर फोडण्यात आली' वाचून दोन मिनिटं कळेचना. आमच्याकडे तो फुटतो डिसेंबरात, आणि 'आली' नाही, 'आला'.