बाबांचा अटेंडन्स अलाउन्स: अंडरटेकिंगमुळे मिळत नाही का?

स्मिता:
नमस्कार मंडळी,
बाबांचं आजारपण सगळ्यांना माहीतच आहे. गुरुवारी ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. जिन्याखाली ठेवलंय, नळी बाथरूमच्या दारापर्यंत जेमतेम पोचते. मी आता कामाच्या तीन दिवसांचे दोन करतेय, त्यामुळे घाईने विचारते. बाबांना डिपेंडंट व्हिसावर इथे ब्रिटनमध्ये आणलं तेव्हा मी पाच वर्षांच्या अंडरटेकिंगवर, म्हणजे त्यांचा खर्च मीच करीन या हमीवर, सही केली होती. त्यामुळे अटेंडन्स अलाउन्स (मदतीची गरज असलेल्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) मागताच येत नाही असं ऑफिसातली एक जण म्हणाली. कुणी मागितलाय का? बाबांना येऊन चौदा महिने झाले.

अरविंदकाका:
स्मिता, सही केलीस तिथेच विषय संपला. पाच वर्षं सरकारकडून छदाम नाही. उगाच अर्ज करून होम ऑफिसच्या डोळ्यांवर येऊ नकोस. त्यापेक्षा मागच्या वेळेसारखी वर्गणी काढू, मी शंभर पौंड लिहिले.

मिलिंद:
काका, वर्गणी काढा, पण मंडळाच्या खात्यातून नाही. मागच्या वेळचा हिशोब मी एजीएमपर्यंत जुळवत होतो. दोघांनी तर पैसे दिवाळीच्या तिकिटांचे म्हणून पाठवले होते. खजिनदार मी आहे, उत्तरं मलाच द्यावी लागतात.

मेघना:
वर्गणीचं नंतर बघा. काका, माफ करा, पण हे चूक आहे आणि या समजुतीपायी लोक अर्जच करत नाहीत. अंडरटेकिंगमुळे पेन्शन क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट असे उत्पन्न बघून मिळणारे लाभ बंद होतात. अटेंडन्स अलाउन्स उत्पन्न बघतच नाही, आणि अंडरटेकिंगवर आलेल्यांना २००० सालच्या नियमांत त्यासाठी स्पष्ट सूट आहे. मी सल्ला केंद्रात दर मंगळवारी हेच करते.

खरी अडचण चौदा महिन्यांची आहे. एरवी गेल्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे इथे राहिलेलं असावं लागतं आणि सहा महिन्यांपासून मदतीची गरज असावी लागते. डॉक्टरांनी एसआर-१ फॉर्म (गंभीर आजाराचा दाखला) दिला तर या दोन्ही अटी लागत नाहीत. थेट अलाउन्सचा वरचा दर मिळतो, २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ११०.४० पौंड होता. स्कॉटलंडवाल्यांनी हे वाचून मला फोन करू नये, तिकडे आता भत्त्याचं नाव आणि सरकारी खातं दोन्ही वेगळं आहे.

अरविंदकाका:
मी या देशात १९७८ पासून आहे. नियम बदलले असतील तर बदलले. पण मंडळाच्या नावावर असा सल्ला द्यायच्या आधी समितीला विचारायची पद्धत होती.

मेघना:
मंडळाच्या नावावर नाही, माझ्या नावावर.

स्मिता:
मेघना, एसआर-१ बघितला. आयुष्य बारा महिन्यांहून कमी असू शकेल, असं वाटणाऱ्या पेशंटसाठी आहे. हा कागद मी कोणत्या तोंडाने मागू? बाबा प्रत्येक अपॉइंटमेंटला शेजारी बसलेले असतात. आणि त्यांना इंग्रजी आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं.

शैलाताई:
स्मिता, आमच्या सासूबाईंचा साधा अर्ज मी भरला होता. त्या वेळी नर्स घरी आली. सासूबाईंनी सकाळी सहालाच माझ्याकडून वेणी घालून घेतली, नवी साडी नेसल्या, आणि प्रत्येक प्रश्नाला "आय ॲम फाइन". आदल्या रात्री मी चार वेळा उठले होते! शेवटी मी वही पुढे केली: १.१० पाणी, २.४५ कूस, ४.०० बाथरूम. वही ठेव गं. 'करता येतं का' असं विचारलं की आपली माणसं 'हो' म्हणतात, मग ते करताना अर्धा तास धापा टाकल्या तरी. मिलिंद, हॉलच्या किल्ल्या अजून माझ्याकडेच आहेत.

मेघना:
शैलाताई, वही साध्या अर्जाला लागते, एसआर-१ असेल तर बहुतेक लागणार नाही. स्मिता, तू डॉक्टरांनाच गाठायला पाहिजेस असं नाही. बाबांना बघणारी स्पेशालिस्ट नर्सही एसआर-१ देऊ शकते. फोन करून माग, बाबांसमोर नको. अर्ज त्यांच्या वतीने तू करू शकतेस, त्यांना न सांगताही. त्यांच्या नावाने पत्र येतं, पण त्यात एसआर-१ च्या या खास नियमांचा उल्लेख नसतो. बारा महिने ही डॉक्टरांच्या अंदाजाची मर्यादा आहे, तारीख नव्हे. त्यापुढे जगलेले मी पाहिलेत.

आता तुझं. बाबांचा अलाउन्स मंजूर झाला की तीन महिन्यांच्या आत केअरर्स अलाउन्स (सांभाळ करणाऱ्याचा भत्ता) माग, म्हणजे मागच्या तारखेपासून मिळतो. २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ८३.३० पौंड होता. पस्तीस तास सांभाळ हवा, तो तुझा सहज होतो. पगार मात्र कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनचा अर्धा हप्ता वजा करून ठरलेल्या मर्यादेच्या आत हवा (२०२५-२६ मध्ये आठवड्याला १९६ पौंड). एक पौंड जास्त झाला तरी त्या आठवड्याचे सगळे जातात, म्हणून ओव्हरटाइम घेताना जपून. एका माणसामागे एकालाच मिळतो, तेव्हा तू की तुझा भाऊ ते ठरवा. आणि एका आठवड्याची बिनपगारी केअरर्स लीव्ह एप्रिल २०२४ पासून पहिल्या दिवसापासूनचा हक्क आहे, ती मॅनेजरच्या मर्जीवर नाही.

मिलिंद:
शैलाताई, किल्ल्या रविवारी आणा. रविवारी हॉल लागणार आहे आणि डिपॉझिट परत मिळायचंय.

अरविंदकाका:
मी शंभर तसेच ठेवतो, स्मिता. मंडळ नको, माझ्याकडून घे. उद्या येईन, मशीन हलवायचं असेल तर सांग.

स्मिता:
काका, या. नळीला जोड लागेल, पण ती तुम्ही नका आणू, मशीन देणारेच देतात म्हणे.
मेघना, आज नर्सला फोन केला. मी अडखळत 'ते एक कागद...' म्हणतेय तोवर ती म्हणाली, "एसआर-१ का? मी तुम्हाला पुढच्या भेटीत विचारणारच होते." उद्या अर्जाच्या हेल्पलाइनला फोन करते. बाबांना सांगितलं की व्हिसाचं काम आहे. ते म्हणाले, नीट वाचून सही कर.