प्रेमकथा आवडतात, पण त्यात आमच्या घरासारखं घर नसतं. काय वाचू?

मुक्कामीगाडी

नमस्कार मंडळी. मी एसटीत कंडक्टर आहे, सोलापूर जिल्ह्यात. आठवड्यातून दोन-तीनदा मुक्कामी गाडी असते. गावात गाडी लागली, तिकिटांचा हिशेब जुळला, भाकरी खाल्ली की झोपेपर्यंतचे दीड-दोन तास माझे. तेव्हा मी वाचतो, आणि सगळ्यांत जास्त वाचतो त्या प्रेमकथा.

तालुक्याच्या वाचनालयात पहिल्यांदा अशी पुस्तकं काढली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "घरच्यांसाठी का?" मी हो म्हणालो. पुढे दोन वर्षं हो म्हणत राहिलो. त्याचं आज वाईट वाटतं, म्हणून इथे सरळ सांगतो, ती माझ्यासाठीच होती.

अडचण अशी की या पुस्तकांतल्या माणसांवर माझा जीव जडतो, पण त्यांचं घर ओळखीचं वाटत नाही. नायिका पुण्यातल्या बंगल्यात, अंगणात पारिजातक, नायक परदेशातून आलेला. आडनावंही तीच दहा-बारा. कुणी सुटे पैसे मोजत नाही, पगार लांबला म्हणून कुणाचं लग्न अडत नाही. मी बौद्ध आहे. आमची वस्ती ज्या पुस्तकांत येते ती आत्मकथनं मी कॉलेजात असताना वाचली. त्यांनी मला ताठ उभं राहायला शिकवलं आणि त्यांच्याविषयी वावगा शब्द मी ऐकून घेणार नाही. पण आमच्या वस्तीत माणसं प्रेमातही पडतात, ते कुठे वाचू?

माझ्या आईवडिलांची ओळख रोजगार हमीच्या कामावर झाली. खडी फोडायची, मजुरी मापावर. वडील मुकादमाची नजर चुकवून आपल्या ढिगातली दोन घमेली आईच्या ढिगात टाकायचे. आईला ते कळलं माप घेताना, कारण तिचा ढीग रोज तिच्या अंदाजापेक्षा मोठा भरायचा. चाळीस वर्षं झाली, अजून हे सांगताना ती पदर तोंडाला लावते. असं काही ज्यात आहे ते पुस्तक मला हवंय.

दुसरं, अद्भुतकथा. जादूच्या शाळा, उडणारे राक्षस यांची भाषांतरं मी पोरीबरोबर वाचली, दोघांनाही आवडली. पण आजी विहिरीवरच्या साती आसरांची गोष्ट सांगायची तेव्हा पोटात जो गोळा यायचा तो काही आला नाही. आसरा, मुंजा, सटवाई ही मंडळी भयकथेबाहेर कुठे भेटतात का? सुचवा.

फाटकंकव्हर

दादा, सांगलीत मी अठ्ठावीस वर्षं भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान चालवलं. तुमच्यासारखे पुष्कळ होते. हमाल, शिक्षक, एक फौजदारही. सगळे घरच्यांसाठीच न्यायचे, आणि परत आलेल्या पुस्तकाला तंबाखूचा वास असायचा. मी कधी कुणाला विचारलं नाही. पुस्तक नेणाऱ्याला असं विचारूच नये.

ही लाज आजची नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो पार सर्वोच्च न्यायालयात गेला. ती अश्लील नाही असा निकाल लागायला १९६९ उजाडलं. एका कथेपायी सात वर्षं! काकोडकर माझ्या दुकानात मागच्या फळीवर असायचे आणि बांधणी सगळ्यांत आधी त्यांचीच सुटायची.

तुम्हाला सुचवेन अण्णाभाऊ साठे. 'फकिरा'चं नाव सगळे घेतात, पण अण्णाभाऊंनी प्रेमाविषयीही मन लावून लिहिलंय. 'वैजयंता'ची नायिका तमाशात नाचणारी बाई आहे. १९६१ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. मागणी यायची ती 'फकिरा'ला. 'वैजयंता' मीच लोकांच्या हातात कोंबायचो.

निळीशाई

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी गे आहे, आणि 'घरच्यांसाठी का' याच्या जागी मला 'प्रोजेक्टसाठी का' असं विचारलं गेलं होतं. मीही हो म्हणालो होतो.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. घरात एक भाडेकरू राहायला येतो, भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात, आणि दोघं आपापली बाजू सांगतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा जसंच्या तसं होतं, ते गुन्हा नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ६ सप्टेंबर २०१८ ला. मला त्या पुस्तकाने धरून ठेवलं ते एवढ्याचसाठी, की तो मुलगा कुणाला काही पटवून देत बसत नाही. त्याला फक्त त्या माणसाची आठवण येते. अर्थात तुमची तक्रार इथेही लागू पडते, घर पुण्यातलं, मध्यमवर्गीय.

हल्ली मोबाइलवर ज्या मालिका-कादंबऱ्या येतात त्यांत नायिकेचा एक गे मित्र असतो. भाजीवर कोथिंबीर घालावी तसा. नायिकेला साडी निवडून देतो आणि प्रकरण संपतं. त्यापेक्षा मला वगळलेलं चालेल.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. आसरांना भयकथेतून बाहेर काढू नका. भीती काढली तर त्यांच्यात राहिलं काय?

पोथीवाली

आसरांबद्दल मी दादांच्या बाजूने आहे. आमच्याकडे आसरांची ओटी भरतात. ज्यांची ओटी भरतो त्यांची नुसती भीती नसते.

मराठी शिकवते म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. नारो सदाशिव रिसबुडांच्या 'मंजुघोषा' या अद्भुतरम्य कादंबरीची (१८६८) प्रस्तावना मिळाली तर वाचा. आपल्या लग्नाच्या चालींमुळे आणि इतर कारणांनी आपल्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडतच नाही, म्हणून रोजचं लिहिलं तर त्यात रस राहणार नाही आणि अद्भुताकडेच वळावं लागतं, असं ते सांगतात. आणि त्याच्या अकरा वर्षं आधी, १८५७ मध्ये, बाबा पद्मनजींनी 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांचे हाल लिहिले होते. म्हणजे सामान्य घराच्या वाट्याला दुःख आणि राजवाड्याच्या वाट्याला प्रेम अन् जादू, ही वाटणी आपल्या कादंबरीत अगदी सुरुवातीपासूनची. मला याची चीड येते. दरवर्षी वर्गात ही प्रस्तावना समजावून सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावर दोघं एकमेकांना चिठ्ठी देत असतात.

मुक्कामीगाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. निळीशाई, तुमचं पुस्तक आधी वाचणार. आसरांवर मात्र आपलं जमायचं नाही. आजी घाबरायची तशी त्यांच्याशी बोलायचीही. "बायांनो, पोराला सांभाळा," म्हणायची.

पोथीवाली ताई, ती प्रस्तावना मनातून जाईना. माझ्या शेवटच्या गाडीला एक जोडी असते. महिलांना निम्मं तिकीट झालंय मार्च २०२३ पासून, त्यामुळे तिचं अर्धं, त्याचं पूर्ण. दोघं वेगवेगळे पैसे देतात, ओळख नसल्यासारखे. त्याचं गाव आधी येतं, पण तो एक टप्पा पुढचं, तिच्या गावाचं तिकीट काढतो. टप्पा सहा किलोमीटरचा. ती उतरून वस्तीकडे वळते आणि तो डांबरीने मागे चालू लागतो. परतीची गाडी नसते, कारण मुक्कामी तीच शेवटची. पावसाळ्यात मी त्याला एकदा म्हणालो, "तुझं गाव गेलं की रे." तो म्हणाला, "माहितीय मामा."

रिसबुडांना यात काही मनोरंजक दिसलं नसतं, हे मला पटत नाही.

फाटकंकव्हर काका, 'वैजयंता' आमच्या वाचनालयात नाही, काल विचारून आलो. माझ्यासाठी हवंय असंच सांगितलं. गुरुवारी माझी सुट्टी, सोलापूरला येऊ शकतो. तिथे कुणाकडे प्रत असेल तर कळवा, आठ दिवसांत परत करीन.