मदत हवी आहे: लिनक्स मिंट टाकलं, पण डी ड्राइव्हवर सेव्ह होत नाही, आणि बाबांचं मराठी टायपिंग अडलंय

नमस्कार मंडळी,

लिनक्समध्ये मी अगदी नवखी आहे, तेव्हा काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

घरचा डेस्कटॉप 2013 चा आहे. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. त्यावर विंडोज 10 होतं. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, ते या मशीनमध्ये नाही. दुकानदार म्हणाले, नवीनच घ्या. पण मशीन ठणठणीत आहे आणि बाबांचा हात त्याच कीबोर्डवर बसलाय.

बाबा 74 वर्षांचे आहेत, मराठीचे शिक्षक होते. आजीच्या आणि आमच्या भावकीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ते 2004 पासून टाइप करत आलेत. आधी वहीत उतरवायच्या, मग कॉम्प्युटरवर. ज्यांनी सांगितल्या त्यातल्या बहुतेक जणी आता नाहीत. त्यामुळे एखादी फाइल गेली तर ती पुन्हा कुणाला विचारून लिहिता येणार नाही. सगळं डी ड्राइव्हवर आहे, वह्यांचे स्कॅन धरून साधारण 11 जीबी. दुसरी कॉपी नाही. हे लिहितानाही पोटात गोळा येतोय.

मी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट 22 (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. विंडोज काढलं नाही, सी मधून 60 जीबी जागा काढून शेजारी टाकलं. वाय-फाय आधी दिसतच नव्हतं. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, नेट मिळालं, मग ड्रायव्हर मॅनेजरने स्वतःच ड्रायव्हर शोधून टाकला. हे मुद्दाम लिहिते, कारण याच एका गोष्टीवर माझा अख्खा शनिवार गेला. मशीन आधीपेक्षा हलकं चालतंय.

आता अडचणी. डी ड्राइव्ह मिंटमध्ये दिसतो, फाइली उघडतात, वाचता येतात. पण सेव्ह करायला गेलं की 'फक्त वाचण्यापुरती' अशा अर्थाचा मेसेज येतो. नवीन फोल्डरही होत नाही. डिस्क खराब होतेय का, ही मुख्य भीती.

दुसरं, मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असतं. संध्याकाळी साडेसात वाजता दुपारचे दोन.

तिसरी अडचण बाबांची आहे. मी कीबोर्डच्या यादीतून 'हिंदी (बोलनागरी)' निवडलं, मराठीला तेच चालेल असं वाटलं. बाबा बसले, नेहमीसारखं न बघता एक ओळ टाइप केली आणि पडद्यावर भलतंच उमटलं. त्यांनी पुन्हा केली, पुन्हा तेच. मग काही न बोलता हात कीबोर्डवरून उचलले आणि ओट्यावर जाऊन बसले. काल दिवसभर ते मशीनकडे आले नाहीत.

शिवाय 2004 ते 2010 च्या फाइली लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडल्या की इंग्रजी अक्षरं, आकडे आणि कंस यांचा नुसता काला दिसतो. विंडोजमध्ये त्या नीट दिसतात.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. कशाला आधी हात घालू तेही सांगा.

प्रतिसाद 1

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा. डी वाचता येतोय ना? मग आत्ता, मिंटमधूनच, अख्खा डी एका पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. ड्राइव्ह 'फक्त वाचण्यापुरता' असताना त्यावर काहीच लिहिलं जात नाही, त्यामुळे कॉपी करायला याहून चांगली वेळ नाही. 11 जीबीला 32 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तो एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट करा, मिंट आणि विंडोज दोन्हीकडे चालेल. कॉपी झाल्यावर पाच-सहा फाइली पेनड्राइव्हवरून उघडून बघा आणि तो काढून कपाटात ठेवा. मग पुढचं बोलू.

डिस्क खराब झाली असेल असं या लक्षणावरून तरी वाटत नाही. विंडोज 10 मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. आपण शट डाउन करतो तेव्हा ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठतं. अशा वेळी ड्राइव्हचा काही हिशेब विंडोजकडे अडकलेला असतो. मिंटला ते कळतं आणि फाइलींना धक्का लागू नये म्हणून ते लिहायचं टाळतं. थोडक्यात, मिंट तुमच्या बाबांच्या ओव्या सांभाळतंय.

उपाय विंडोजमध्ये करायचा. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे पॉवर बटणांनी काय करायचं ते ठरवायची लिंक आहे. आत गेल्यावर फास्ट स्टार्टअपची टिक फिकी दिसेल. वरच्या 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' या अर्थाच्या ओळीवर क्लिक केलं की ती काढता येते. टिक काढा, सेव्ह करा, शट डाउन करा. नुसतं एकदाच तपासायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतं.

नेटवर काही जण विंडोजची ती अर्धवट झोपेची (हायबरनेशनची) फाइल लिनक्समधून जबरदस्तीने उडवायच्या कमांड देतात. त्या वापरू नका. विंडोज चालू होतंय तर त्यालाच त्याचं काम नीट आवरू द्या.

धागाकर्ती

दादा, तुम्ही म्हणालात तसंच केलं. कॉपीला चाळीस मिनिटं लागली, तोवर मी तिथून उठले नाही. एक प्रत कपाटात, एक भावाकडे पाठवते आहे. त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद केलं आणि मिंटमध्ये डी वर नवीन फोल्डर झाला! फार मोठं ओझं उतरलं.

प्रतिसाद 2

घड्याळाचं सांगतो. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, सेलवर चालणारं. विंडोज धरून चालतं की त्यात इथली वेळ आहे. लिनक्स धरून चालतं की त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ आहे. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. मिंट त्या घड्याळात यूटीसी लिहून जातं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास. सेल संपत आला असता तर फरक असा नेमका आला नसता.

दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावायचं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एक कमांड द्या: टाइमडेटसीटीएल, मग स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, मग स्पेस आणि 1. सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मधल्या आडव्या रेघांसकट. पासवर्ड विचारेल तो द्या. 'हे योग्य नाही' अशी सूचना नंतर दिसू शकते, कारण लिनक्सला यूटीसीच पसंत आहे. दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर आहेत तोवर चालेल. विंडोज काढलंत तर 1 च्या जागी 0 देऊन मूळपदावर आणा.

आता तुमच्या बाबांचं, म्हणजे सरांचं. ते न बघता टाइप करतात म्हणजे बहुधा इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणीच असणार. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, क आणि ख एकाच बटणावर, ख ला शिफ्ट. बोलनागरी ही इंग्रजी उच्चारावर बेतलेली मांडणी आहे, तिच्यावर त्यांची बोटं चुकणारच. त्यात सरांची काही चूक नाही.

मेनूमध्ये इनपुट मेथड उघडा, तिथून आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्रॅम) बसवून घ्या, लॉगआउट करून परत या. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट मेथडच्या यादीत मराठी शोधा आणि त्यातलं 'इनस्क्रिप्ट 2' घ्या. यादीत मराठी दिसलंच नाही तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबसचं एम-17-एन हे पॅकेज टाका. इंग्रजी-मराठी बदलायची बटणं तिथेच ठरवता येतात. सर विंडोजमध्ये जी दाबत होते तीच ठेवा.

लिबरऑफिसमध्येही एक गोष्ट करून ठेवा. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून भाषा मराठी करा. देवनागरीचा फॉन्ट तिथे इंग्रजीहून वेगळा ठरवावा लागतो, नाहीतर प्रत्येक नव्या फाइलीत नको तो फॉन्ट आणि नको तो आकार येतो. मी स्वतः 'नोटो' किंवा 'मुक्त' हे फॉन्ट वापरतो, दोन्ही फुकट आहेत.

धागाकर्ती

काका, घड्याळ जमलं. इनस्क्रिप्टही लागलं. बाबांना म्हटलं, एकदाच बसा, जमलं नाही तर मी परत बोलावणार नाही. त्यांनी उभ्या उभ्याच पहिला शब्द मारला तो 'सासऱ्याच्या'. बरोबर उमटला. मग खुर्ची ओढून बसले. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

जुन्या फाइलींचं मात्र अजून कळत नाही.

प्रतिसाद 3

त्या युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत) आधीच्या पद्धतीच्या फाइली आहेत, ताई. तेव्हाचे पुष्कळ मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच घरात मराठी आकार बसवायचे. फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, फक्त तो फॉन्ट ते 'क' सारखं दाखवतो. फॉन्ट नसला की उघडं इंग्रजी दिसतं. तुमच्या विंडोजमध्ये तो फॉन्ट आहे म्हणून तिथे नीट दिसतात.

तात्पुरतं वाचायचं असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधली ती फाइल मिंटमध्ये तुमच्या होम फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, आणि त्याच्या आधी टिंब हवं. कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात, नसेल तर नवा करा.

पण कायमचं काम म्हणजे युनिकोडमध्ये आणणं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, प्रत्येक जुन्या फॉन्टचा वेगळा. फॉन्टचं नेमकं नाव बघून तोच निवडा. आणि कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास ठेवू नका. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर, जसा डोळ्यांना दिसतो तसा. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे क्रम असतो. ही उलटापालट करताना कन्व्हर्टर जोडाक्षरांवर अडखळतात. मूळ फाइलीला हात न लावता नवी फाइल करा आणि सरांनाच वाचायला द्या.

धागाकर्ती

एकूण 61 जुन्या फाइली आहेत, त्यातल्या 9 झाल्या. बाबा रोज सकाळी दोन वाचतात, वही शेजारी ठेवून. एक विचित्र गोष्ट सापडली. एका फाइलीत 'सासऱ्या' शोधलं तर दोनच ठिकाणी सापडतो, तेही बाबांनी आता नव्याने टाइप केलेले. पण डोळ्यांना तर पानापानावर दिसतोय! अक्षर हुबेहूब तेच. कॉम्प्युटर एकच शब्द दोन समजतोय का?

प्रतिसाद 2

हो, तसंच झालंय. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ आणि हलन्त. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य चं बटण. सर तसं करतात आणि तेच चांगलं. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. तुमचा कन्व्हर्टर दुसरी वापरतोय. दिसायला एक, आत वेगळं, म्हणून शोध लागत नाही.

फाइंड अँड रिप्लेस उघडा. फाइलीतला कन्व्हर्ट झालेला एक 'सासऱ्या' कॉपी करून वरच्या चौकटीत चिकटवा. शेवटून एकेक बॅकस्पेस मारत काना आणि य काढा, मग सुरुवातीचं 'सास' काढा. अर्धा र उरेल, त्याच्यासोबत ते न दिसणारं चिन्हही. खालच्या चौकटीत शिफ्ट-जे आणि डी टाइप करा आणि सगळीकडे बदला. नुसतं ते जोडचिन्ह पुसू नका. ते गेलं की रफार चढतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात.

धागाकर्ती

काका, एका फटक्यात 214 जागी बदललं! मग बाबांनी तिथेच बसून 'र्य' शोधून एकेक शब्द तपासला. 'सूर्य' आणि 'धैर्य' राहिले, बाकी सात ठिकाणी कन्व्हर्टरने आधीच रफार चढवला होता, ते त्यांनी हाताने सुधारले. आता 52 फाइली उरल्यात.

शेवटचं विचारते. नव्या फाइली ओडीटीत ठेवू की डॉकएक्समध्ये (वर्डचा फाइल-प्रकार)?

प्रतिसाद 1

ओडीटी. ते खुलं मानक आहे आणि लिबरऑफिसचं स्वतःचं. शिवाय प्रत्येक फाइलीची एक पीडीएफ काढून ठेवा, फॉन्ट आत बांधला जातो, कुठेही तशीच दिसेल. आणि कपाटातल्या पेनड्राइव्हवर नवी प्रत टाकायला विसरू नका, त्यावर अजून जुन्याच आहेत.

धागाकर्ती

हो, रविवारी तेच करते. मूळ फाइलीही तशाच ठेवणार आहे.