गजकर्ण आणि चिखल्या एक नव्हेत

बरेच जण म्हणतात की गजकर्ण 'रक्त खराब' झाल्यानं होते. नाही बाप्पा! ती बुरशी आहे, कातडीतल्या केराटिनवर, म्हणजे कातडी-नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनावर जगते. एकाच टॉवेलनं घरभर पसरते. चिखल्यांचं वेगळं. आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया दिवसभर बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या शेतात वाकलेल्या. संध्याकाळी पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या, फुगलेल्या, चिरलेल्या. त्या चिखल्या. भिजून फुटलेल्या कातडीत मग कॅन्डिडा नावाची दुसरी बुरशीही शिरते. गजकर्णात खरा घात करते ती मेडिकलमधून विचारून आणलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब. माझ्याच मांडीवर आठ दिवसांत खाज गेली, महिन्यात चट्टा दुप्पट. कडा इतक्या पुसट की डॉक्टरही आधी चक्रावले. आणि हो, धानाचं कुसळ डोळ्यात गेलं तर थांबू नका. त्यातून फ्युसेरियमसारखी बुरशी शिरून डोळ्यात फूल पडतं. तिथंही स्टेरॉइडचे थेंब मनानं टाकायचे नाहीत.